बैठकीची पँट

वसई-विरारकडून हिमबिबट्या पाहायला निघालेल्या मंडळींचं जॅकेट सहसा उत्तम असतं. त्यासाठी दुकानं पालथी घातलेली असतात, आधी जाऊन आलेल्यांना विचारून झालेलं असतं, पैशांकडेही पाहिलेलं नसतं. कमरेखाली मात्र रोजचीच जीन्स. फार तर तिच्या आत एक इनर, नाहीतर दोन जीन्स एकावर एक. स्पितीतल्या किब्बरला, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,२०० मीटर उंचीवर, फेब्रुवारीच्या सकाळी ही मंडळी धारेवर जाऊन बसतात. तिवईवर दुर्बीण, समोर कडा, पारा शून्याखाली पंधरा-वीस अंश. चढून आल्यामुळे अंग तापलेलं असतं, म्हणून सुरुवातीला काहीच जाणवत नाही. मग मांड्यांवर गारवा लागतो. त्यानंतर बुडाखालच्या दगडाची थंडी हाडापर्यंत पोचते, आणि तासाभरात माणूस उठून येरझाऱ्या घालू लागतो. ज्या घटकेसाठी एवढा प्रवास केला, ती नेमकी पाय आपटण्यात निघून जाते.

जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या देशातल्या पहिल्या शास्त्रीय गणनेनुसार भारतात हिमबिबटे आहेत सुमारे ७१८, त्यातले ४७७ लडाखात. इतकं विरळ जनावर, त्यातही खडकाच्याच रंगाचं. ते दिसतं ते बसून राहणाऱ्याला. म्हणून या प्रकरणात मला जॅकेटबद्दल फार बोलायचं नाही. पँट निवडताना बहुतेक जण 'तिकडे थंडी किती?' एवढंच विचारतात. त्याच्या आधी विचारायचे प्रश्न दोन आहेत: आपण किती वेळ हलणार नाही, आणि कशावर बसणार?

हे ज्ञान मुळात शिकाऱ्यांचं आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्याकडची बंदुकीची शिकार बंद केली आणि ते योग्यच झालं. पण मचाणावर निश्चल बसण्याची विद्या संपली नाही. ती कॅमेरेवाल्यांकडे, गणना करणाऱ्यांकडे, वाटाड्यांकडे आली. उत्तर अमेरिकेत हरणाची शिकार आजही परवान्यानं चालते. तिथला शिकारी नोव्हेंबर-डिसेंबरच्या थंडीत झाडाला बांधलेल्या चौरंगाएवढ्या बैठकीवर पहाटेपासून बसतो. हलला तर हरीण बिचकतं, खोकला तरी बिचकतं. त्याच्यासाठी तिकडे निव्वळ 'बसण्याची' म्हणून जाड पँट बनवतात, आणि तिची रचना चालण्याच्या किंवा गिर्यारोहणाच्या पँटेपेक्षा वेगळी असते. शिकार पटो न पटो, ती रचना समजून घेण्यासारखी आहे.

आपल्या मुलखात बसण्याचं हे शास्त्र नव्हतं असं नाही. जव्हार-मोखाड्याच्या बाजूला भाताच्या राखणीला माळ्यावर रात्र काढणारा माणूस आधी खाली पेंढा अंथरतो, त्यावर गोधडी, आणि मग स्वतः बसतो. पांघरूण नंतर. घाटावरचा मेंढपाळ घोंगडी खांद्यावर घेतो, तसाच तिची घडी करून बुडाखालीही घेतो. थंडी खालून येते हे या लोकांना कुणी शिकवलेलं नाही. शहरातून जाणारा माणूस मात्र वरून पांघरत राहतो आणि खाली नुसता दगड असतो.

शरीर ही सतत चालू असलेली शेगडी आहे. शांत बसलेला प्रौढ माणूस साधारण १०० वॅट उष्णता तयार करतो. सपाटीवर बऱ्या चालीनं चालताना हा आकडा अडीच-तीन पट होतो, पाठीवर ओझं घेऊन चढण चढताना त्याहूनही वाढतो. ही जादा उष्णता येते प्रामुख्यानं मांड्या आणि पोटऱ्यांच्या मोठ्या स्नायूंतून. माणूस बसला की हेच स्नायू काम थांबवतात. त्यात शरीराचा नियम असा की थंडी वाजू लागली की हातापायांच्या कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त छाती-पोटाकडे राखलं जातं. म्हणजे पाय स्वतः उष्णता करत नाहीत, आणि वरून येणारा पुरवठाही कमी झालेला असतो. चालताना ज्या पँटेत घाम फुटत होता, तिच्यातच बसल्यावर हुडहुडी भरते, त्याचं कारण हे. हवा तीच असते.

कपड्यांची ऊब मोजायला 'क्लो' नावाचं एकक आहे. १९४१ मध्ये गॅगी, बर्टन आणि बॅझेट या शास्त्रज्ञांनी ते मांडलं. २१ अंशांच्या खोलीत, वारा जवळजवळ नसताना, स्वस्थ बसलेल्या माणसाला सुखाचं वाटेल इतकी ऊब म्हणजे एक क्लो. कोट-पँटचा पूर्ण सूट साधारण तेवढा भरतो. उणे दहा अंशांत चालणाऱ्याचं सुमारे दोन क्लोवर भागतं. त्याच हवेत निश्चल बसणाऱ्याला पाच-सहा लागतात. दुकानातल्या पट्टीवर 'उणे दहापर्यंत' असं छापलेलं असतं तेव्हा हे अंतर त्यात दिसत नाही. तो आकडा बहुधा हालचाल करणारा माणूस गृहीत धरून काढलेला असतो, त्यामुळे बसणाऱ्यानं त्यावर विसंबू नये.

आता मुख्य मुद्दा, बुडाखालचा. कपडा ऊब देतो म्हणजे त्याच्या तंतूंत अडकलेली हवा देते. स्थिर हवा उष्णतेची फार वाईट वाहक आहे; पाणी तिच्यापेक्षा सुमारे २५ पट जास्त उष्णता वाहून नेतं. पँटेचा भराव कितीही फुगीर असो, त्यावर साठ-सत्तर किलोचा माणूस बसला की त्यातली हवा निघून जाते. हिशोब मांडून पाहू. बसल्यावर टेकणारा भाग धरू एका फुटाच्या फरशीएवढा, म्हणजे ०.०९ चौरस मीटर. अंग आणि दगड यांच्या तापमानात ४० अंशांचा फरक. भराव दबून २ मिलिमीटर उरला, तर त्यातून सुरुवातीला साधारण ७२ वॅट दगडात जातील. शेगडी आहे १०० वॅटची! पुढे दगड थोडा कोमट होतो, कातडी गार पडते, म्हणून प्रत्यक्षात गळती कमी होत जाते; पण सुरुवात अशी असते. त्याच जागी न दबणाऱ्या फोमची १ सेंटिमीटरची चटई ठेवली तर हाच आकडा १४ वॅटवर येतो. महागड्या पँटेच्या दुप्पट जाड भरावानं जे साधत नाही, ते फोमच्या तुकड्यानं साधतं.

हे घरच्या घरी करून पाहता येतं, आणि पँट विकत घेतल्यावर ती परत करण्याची मुदत असेल तर जरूर पाहावं. पसरट थाळीत बर्फाचे खडे आणि थोडं पाणी घ्यायचं. त्यावर दुसरी पातळ स्टीलची थाळी टेकवायची, म्हणजे वरची थाळी बर्फाइतकी गार होते आणि पँट भिजत नाही. पँटेचा मांडीवरचा भाग एकेरी करून तिच्यावर नुसता पसरायचा आणि त्यावर उघडा हात अलगद ठेवायचा. बराच वेळ काहीच कळत नाही. आता बुडाचा भाग तसाच ठेवून त्यावर कोपर टेकवायचं आणि अंगाचा भार द्यायचा. गारवा कोपराच्या टोकाशी आधी येतो, मग भोवती पसरतो. भराव बोटांत धरून पाहिला तर तो तिथे पापडासारखा सपाट झालेला असतो. भार काढल्यावर तो किती लवकर पुन्हा फुगतो तेही पाहावं, कारण स्वस्त भराव फुगायला वेळ लावतो आणि काही धुण्यांनंतर फुगतच नाही. शेवटी योगासनांच्या चटईचा एक तुकडा दुहेरी करून मध्ये घालायचा आणि पुन्हा कोपर टेकवायचं. फरक सांगावा लागत नाही.

चटई आली म्हणजे पँटेचं महत्त्व संपलं असं नाही. तिचं काम उरलेल्या पायाचं आहे, आणि त्यात सर्वांत अवघड जागा गुडघा. गुडघ्यावर मांस नाही, चरबी नाही. बसल्यावर कापड तिथे ताणून बसतं आणि भराव पुन्हा दबतो. म्हणून चांगल्या बैठकीच्या पँटेला गुडघ्यापाशी आधीच बाक दिलेला असतो, आणि गुडघा व बूड या दोन जागी नेहमीचा भुसभुशीत भराव न वापरता दाट, कमी दबणारा थर असतो. दुकानात पँट घालून आरशासमोर उभं राहण्यात अर्थ नाही. पाट किंवा बुटकं स्टूल मागावं, बसावं, गुडघे छातीकडे घ्यावेत, पुढे वाकून दुर्बिणीत डोळा लावल्यासारखं करावं. गुडघ्यावर कापड ताणलं, कमरेमागे सदरा उघडा पडला, पोटऱ्यांवर आवळलं, तर ती पँट कितीही देखणी असो, आपल्या कामाची नाही. माप नेहमीपेक्षा एक नंबर मोठं घ्यावं. आत इनर आणि त्यावर एक पातळ लोकरी किंवा फ्लीसची पँट घालूनही हवेला जागा उरली पाहिजे. आवळलेले चार थर मोकळ्या दोन थरांपेक्षा गार पडतात, आणि रक्तही नीट फिरू देत नाहीत.

कमरेमागची फट बंद करण्यासाठी खांद्यावर पट्टे असलेली, छातीपर्यंत येणारी पँट मिळते. शिकाऱ्यांची पहिली पसंती तीच. पट्टा कमरेला रुतत नाही आणि पुढे वाकलं तरी पाठ झाकलेली राहते. पण ती घेताना एका गोष्टीचा विचार आधी करावा, जी विक्रेता संकोचानं सांगत नाही. थंडीत लघवी वारंवार लागते. रक्त आत ओढलं गेलं की मूत्रपिंडं जास्त पाणी बाहेर टाकतात, हा शरीरधर्म आहे. उणे पंधरात जॅकेट काढून, पट्टे सोडून, पुन्हा सगळं चढवायचं तर तासभर जमवलेली ऊब पाच मिनिटांत जाते. स्त्रियांना तर हा त्रास फारच होतो, आणि त्या भीतीनं अनेकजणी पाणी पिणं कमी करतात; उंचीवर ते धोक्याचं आहे. म्हणून मागचा भाग वेगळा उघडणारी किंवा दोन्ही बाजूंना कमरेपासून घोट्यापर्यंत चेन असलेली पँट पाहावी. ती न मिळाल्यास छातीपर्यंतच्या पँटेचा मोह सोडून साधी उंच कमरेची घ्यावी.

बाजूच्या पूर्ण चेनचा दुसरा फायदा त्याहून मोठा. बसण्याची पँट चालताना घालायचीच नसते. ती सॅकमध्ये ठेवायची, चढ हलक्या पँटेत चढायचा, बैठकीच्या जागी पोचल्यावर दम खाली बसू द्यायचा, आतला बनियन ओला असेल तर बदलायचा आणि मग, थंडी वाजायच्या आत, बुटांसकट वरून पँट चढवायची. 'वाजली की घालू' हा हिशोब चुकतो. पँट उष्णता तयार करत नाही, असलेली धरून ठेवते. गार पडलेल्या पायांवर चढवली तर धरून ठेवायला फारसं काही उरलेलं नसतं. जाड पँटेत चढ चढणाऱ्याची गत याहून वाईट. घामानं भराव ओला होतो, हवेची जागा पाणी घेतं आणि बसल्यावर ते सगळं अंगावर गोठू लागतं. जीन्सचंही तेच. सुती कापड पाणी धरून ठेवतं आणि वाळायला वेळ लावतं, म्हणून बर्फात जाताना दोन काय, एकही जीन्स नको.

भराव कोणता? पिसांचा, म्हणजे बदक-हंसाच्या पोटाकडच्या मऊ पिसांचा, वजनाला सर्वांत हलका आणि सर्वांत उबदार. त्याची प्रत मोजतात ती एक औंस पीस किती घनइंच जागा व्यापतं यावर. सहाशे ते आठशे हा आकडा चांगला. पण पीस ओलं झालं की गोळा होतं, आणि दाबाखाली ते सहज हार मानतं. कृत्रिम धाग्यांचा भराव तुलनेनं जड, पण दमटपणा सोसतो आणि थोडा ओला झाला तरी ऊब पूर्ण सोडत नाही. थ्री-एम कंपनीचं थिन्सुलेट या जातीचं, आणि अमेरिकी सैन्याला पिसांना पर्याय हवा म्हणून १९८०च्या दशकात विकसित झालेलं प्रायमालॉफ्टही. माझं मत स्पष्ट आहे: जॅकेट पिसांचं चालेल, बैठकीची पँट कृत्रिम भरावाचीच घ्यावी. जॅकेटवर कुणी बसत नाही.

लोकर तिसरी. ती स्वतःच्या वजनाच्या जवळपास ३० टक्के बाष्प शोषते आणि तरी अंगाला ओली लागत नाही. लडाखी माणूस 'नंबू' या हातविणीच्या लोकरी कापडाचा पायघोळ गोंचा घालतो. मांडी घालून बसल्यावर त्याचा घेर गुडघ्यांवर आणि पायांवर पसरतो, आणि भराव न दाबताच गुडघा झाकला जातो. जाड पँट परवडत नसेल किंवा एकाच सफरीसाठी घेणं जिवावर येत असेल, तर इनर, लोकरी पँट, वर वारा अडवणारी पातळ पँट आणि मांडीवर एक घोंगडी हा जोड उत्तम काम देतो. दख्खनी मेंढीच्या लोकरीची आणि चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी टोचते खरी, पण मांडीवर पांघरायला तिच्याइतकी भक्कम वस्तू मी पाहिलेली नाही.

वरच्या कापडाची परीक्षा कानानं करायची. पँट घालून दोन मांड्या एकमेकींवर घासाव्यात. चकचकीत नायलॉन खसखस वाजतं, आणि थंडीत कडक झालं की जास्तच. लपणात बसलेल्याला हा आवाज परवडत नाही. शेजारी ध्वनिमुद्रण करणारा कुणी असेल तर मुळीच नाही. मऊ, किंचित लव असलेलं कापड घ्यावं. ते बर्फ थोडा धरतं, पण धारेवरचा बर्फ कोरडा असतो, झटकला की जातो. छापाच्या मागे लागू नये. सीमाभागात लष्करी छापाचे कपडे टाळावेतच. मातकट किंवा करडा रंग पुरतो, आणि प्राण्यांच्या नजरेला रंगापेक्षा हालचाल आधी दिसते.

एवढी तयारी हिमालयासाठी. घरच्या बैठकीला ती नको. जानेवारीच्या पहाटे भुईगाव-कळंबच्या किनाऱ्यावर किंवा नायगाव-जूचंद्रच्या मिठागरांच्या बांधावर बसायचं तर हवा सोळा-सतरा अंशांची असते. मुंबईत सांताक्रूझला आजवरची नीचांकी नोंदही ७.४ अंशांची आहे, २२ जानेवारी १९६२ची. इथली अडचण वेगळी: समुद्राकडून वारा, बांधावर दव, खाली ओली माती. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. अशा गणनेला चिखल्यांचे थवे मोजत बसणाऱ्याला भरावाच्या पँटेत घाम येईल. त्याला हवी आहे वारा अडवणारी, झटपट वाळणारी पातळ पँट आणि बुडाखाली तोच फोमचा तुकडा. हाफ पँटवर ओल्या बांधावर दोन तास बसलात, तर वसईतही कुडकुडाल.

विदर्भाचं गणित मधलं. डिसेंबर २०१८च्या अखेरीस नागपुरात पारा ३.५ अंशांवर आला होता. ताडोबा-नागझिऱ्याकडे अशा पहाटे उघड्या जिप्सीत बसलेला माणूस स्थिर असतो आणि गाडी मात्र पळत असते. ताशी तीस किलोमीटरचा वारा सरळ मांड्यांवर येतो. तिथे इनरवर वारा अडवणारी पँट आणि गुडघ्यांवर शाल पुरते. नऊ वाजले की सगळं काढून ठेवावंच लागतं.

लेह किंवा मनालीला जाड पँट भाड्यानंही मिळते, आणि पहिल्या सफरीला तोच शहाणपणाचा मार्ग आहे. भाड्याची पँट घेताना रंग आणि चेनच्या आधी बूड तपासावं. उजेडासमोर धरून पाहिलं की भराव सरकून रिकामे पडलेले चौकोन दिसतात. नेमके बुडाचे आणि गुडघ्यांचेच चौकोन आधी रिकामे होतात.

विकत घेतली, तर ती उरलेलं वर्ष वसईच्या हवेत राहणार आहे हे धरून चालावं. जून ते सप्टेंबर इथे कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. बारीक घडी करून पिशवीत कोंबलेला भराव चार महिन्यांत आपला फुगवटा गमावतो, दमट असेल तर कुबट वासही धरतो. सफरीहून आल्यावर पँट सौम्य साबणानं धुवावी, पिळू नये, सावलीत पूर्ण वाळवावी आणि हँगरवर मोकळी टांगावी. लोकरीच्या इनरला कसर लागते, म्हणून ते डांबरगोळ्यांसह वेगळ्या पिशवीत ठेवावं. पाऊस सरला, ऑक्टोबरचं कडक ऊन पडलं की सगळं एक दिवस गच्चीवर काढावं, पँट हातानं थोपटून भराव सारखा करावा, आणि चेन एकदा वर-खाली करून पाहावी; खाऱ्या हवेत धातूची चेन गंजून अडकते, तिला मेणबत्तीचं मेण चोळलं की ती पुन्हा सरकते.